किरकोळ काम बाकी

"साहेब, घर तयार आहे. किरकोळ काम राहिलंय, ते तुम्ही राहायला आल्यावर होऊन जाईल," ठेकेदार म्हणाला. 'किरकोळ' हा शब्द त्यानं इतक्या मायेनं उच्चारला, की मी त्याच संध्याकाळी भाड्याचं घर सोडत असल्याचं मालकाला कळवून टाकलं. बांधकामात किरकोळ म्हणजे 'यापुढे तुमच्या डोक्याला लागणारं', हे मला पुढच्या तीन महिन्यांत हप्त्याहप्त्यानं कळलं.

निवृत्तीनंतर शहर सोडायचं, गावाबाहेर मोकळ्यावर स्वतःचं घर बांधायचं, हे स्वप्न मी वीस वर्षं पाहत होतो. त्या स्वप्नात एक ओटा होता, ओट्यावर खुर्ची होती आणि खुर्चीत मी होतो. पाण्याचा पंप, टाकी, सांडपाण्याचा पाइप यांतलं काहीच त्यात नव्हतं. बायकोच्या स्वप्नात होतं म्हणे, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

सामानाचा ट्रक शेवटच्या वळणावर चिखलात बसला आणि कपाटं माणसांच्या खांद्यावरून आली, एवढं सांगून तो दिवस सोडून देतो. एका हमालानं घराकडे आणि मग माझ्याकडे पाहून "इथंच राहणार का आता?" असं विचारलं होतं. त्याच्या आवाजातली करुणा मला तेव्हा नीटशी कळली नाही.

पहिली अडचण आवाजाची. पडदे नाहीत, गाद्या अजून गुंडाळलेल्या, चारी बाजूंना उघड्याबोडक्या भिंती आणि खाली गुळगुळीत फरशी. आवाज शोषून घ्यायला काहीच नसल्यामुळे बोललेला शब्द भिंतीभिंतीवर आपटत फिरायचा. मी बैठकीत खाकरलो की स्वयंपाकघरात दुसरा कुणीतरी खाकरायचा. संसारात 'मी असं म्हणालोच नव्हतो' ही एक मोठी सोय असते. ती गेली. मी काय म्हणालो ते घरच दोनदा सांगत होतं.

पण खरी कथा न्हाणीघराची आहे.

पहिल्या रात्री दिवसभराची धूळ उतरवायला शॉवर सोडला. पाणी फरशीवर पडलं, क्षणभर घुटमळलं, आणि कोपऱ्यातल्या जाळीच्या भोकाकडे पाठ फिरवून दाराकडे निघालं. मी पायानं अडवलं. ते पायाला वळसा घालून गेलं. उंबऱ्यापाशी तळं साचलं, मग उंबरा ओलांडून पाणी बाहेर आलं, आणि बायकोनं जमिनीवर उघडून ठेवलेल्या पुस्तकांच्या खोक्याला भेटलं.

न्हाणीच्या फरशीला भोकाकडे ढाळ लागतो. फार नाही, मीटरमागे एखादा सेंटिमीटर पुरतो. आमच्याकडे ढाळ अगदी मोजून दिलेला होता, फक्त उलट्या दिशेनं. दुसऱ्या दिवशी गवंडी आला. त्यानं बाटलीभर पाणी ओतलं, उकिडवा बसला आणि नदीचा उगम शोधणाऱ्याच्या एकाग्रतेनं बघत राहिला.

"जातंय की पाणी," तो म्हणाला.

"दाराकडे जातंय."

"हां. नवीन बांधकाम आहे. बसेल."

'बसेल' हा 'किरकोळ'चा धाकटा भाऊ. नव्या घरात सगळं बसायचं बाकी असतं. भिंतीवर केसासारखी चीर दिसली, "गिलावा बसतोय." जिन्याचा कठडा हलतो, "बसेल." या सगळ्यात बसत नव्हतो तो फक्त मी, कारण खुर्च्या अजून बांधलेल्या होत्या.

चिरांच्या बाबतीत मात्र तो अगदीच खोटं बोलत नव्हता, हे कबूल करायला हवं. घर बाहेरून कोरडं दिसलं तरी आतून ओलं असतं. काँक्रीटची ताकद मोजतात ती 28 दिवसांनी, आणि भिंतीत, गिलाव्यात मुरलेलं पाणी त्यानंतरही कितीतरी दिवस सावकाश बाहेर पडत राहतं. जाता जाता आतले क्षार सोबत आणतं आणि ते भिंतीवर ठेवून उडून जातं. म्हणून आमच्या नव्या कोऱ्या रंगावर पांढरी बुरशी यावी तसा थर फुटला होता. बायको रोज तो कोरड्या ब्रशनं झाडायची, तो रोज पुन्हा यायचा. कपाटं भिंतीला चिकटवून लावल्याबद्दल पंधरा दिवसांत शिक्षा झाली. मागच्या बाजूला खरी बुरशी आली आणि माझ्या निरोपसमारंभाच्या कोटाला कायमचा वास लागला. आता कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे आहेत. मागे पडलेली वस्तू काढायला आत शिरावं लागतं. एकदा चष्मा शोधायला मीच आत अडकलो होतो. तो प्रसंग बायको पाहुण्यांना सांगते.

मग पाऊस सुरू झाला आणि झोपायच्या खोलीचं दार फुगलं. लाकूड हवेतली ओल पितं आणि रुंदीत फुगतं, हे सुतारानं मला समजावून सांगितलं, आणि समजावता समजावता रंधा मारायला घेतला. दोन दिवसांत उघडीप पडली तेव्हा उभ्या कडेला बोटभर फट होती. सुतार तोवर दुसऱ्या गावी गेला होता. त्याला फोन लावायचा तर गच्चीवर टाकीपाशी जावं लागायचं, कारण फोनची रेंज तिथंच, आणि तीही एका पायावर जोर देऊन उभं राहिलं तरच. तिथून तो म्हणाला, "लाकूड आहे साहेब, पावसात परत फुगेल, फट बुजेल."

फट बुजायच्या आत तिचा उपयोग झाला. पाऊस थांबलेल्या एका संध्याकाळी ओट्यावरचा दिवा लावला आणि जमिनीतून पंख फुटलेली वाळवी निघाली. हजारोंनी. खिडक्यांना जाळ्या बसवायच्या राहिल्या होत्या (किरकोळ). आधी दिव्याभोवती ढग, मग बैठक, मग फटीतून झोपायची खोली.

"अहो, दिवा बंद करा!"

ते सोपं नव्हतं. आमच्या बैठकीच्या बोर्डावर आठ बटणं आहेत आणि वायरमन त्यांवर काहीही न लिहिता निघून गेला होता. मी पहिलं दाबलं, पंखा सुरू झाला आणि वाळवी खोलीभर समान वाटली गेली. दुसऱ्यानं जिन्यातला दिवा लागला, म्हणजे त्यांना वरचा मजलाही कळला. तिसऱ्यानं काहीच झालं नाही, असं आम्हाला वाटलं. शेवटी बायकोनं मुख्य पेटीपाशी जाऊन दिव्यांचा खटकाच पाडला.

मग आम्ही काळोखात ओट्यावर बसलो. पुन्हा उजेड करायची कुणाचीच हिंमत नव्हती. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला 20 ते 30 मिनिटं लागतात. शहरात एवढा वेळ अंधार मिळतोच कुठे? इथं मिळाला. आधी चार-दोन तारे, मग त्यांच्यामागचे, मग त्यांच्याही मागचे, आणि शेवटी आकाशगंगेचा फिकट पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत. बायकोनं कित्येक दिवसांत पहिल्यांदा सुस्कारा न सोडता श्वास घेतला. मीही वीस वर्षांनी माझ्या स्वप्नातल्या खुर्चीत होतो. पाय वर घेऊन, पण होतो.

"पाऊस परत लागला वाटतं," ती हळूच म्हणाली. घरामागे खरंच धो धो आवाज येत होता.

डोक्यावर एकही ढग नव्हता. तिसरं बटण पंपाचं होतं.

सकाळी पंखांचे ढीग झाडले. सुपलीभर निघाले, आणि केरसुणीच्या वाऱ्यानंच निम्मे पुन्हा उडाले. बायकोनं त्याच दिवशी बटणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. तिसऱ्यावर लाल शाईत फक्त 'नको' लिहिलेलं आहे.

या काळात न्हाणीघरात एक बेडूक राहायला आला. भोकावरची जाळी नुसती ठेवलेली होती, पक्की बसवायची राहिली होती, तिथूनच तो वर आला असणार. उंबऱ्यापाशी साचणारं तळं त्याला फारच मानवलं. आमच्या घरात ढाळाबद्दल समाधानी असलेला तेवढा एकच. दोनदा त्याला बादलीत घालून शेतापलीकडे सोडून आलो, दोन्ही वेळा तो माझ्या आधी परत आल्यासारखा तिथंच बसलेला होता. बायकोचं म्हणणं, ते तीन वेगळे बेडूक आहेत. मला ती शक्यता विचारातही घ्यायची नाही.

अखेर तिसऱ्या महिन्यात गवंडी पाणसळ घेऊन आला. दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, भिंतीला टेकवून ठेवलं, जुन्या फरशीवरच माल टाकून दाराची बाजू उचलली, नवी फरशी बसवली. चार दिवस आम्ही अंघोळीला शेजाऱ्यांकडे, टॉवेल खांद्यावर टाकून, अर्धा किलोमीटर चालत जात होतो. पाचव्या दिवशी समारंभच झाला. गवंड्यानं बाटलीभर पाणी उंबऱ्यापाशी ओतलं. पाणी क्षणभर घुटमळलं आणि सरळ, शहाण्यासारखं, कोपऱ्यातल्या भोकात गेलं. बायकोनं टाळ्या वाजवल्या. मी गवंड्याचा हात हातात घेतला. शब्द फुटेना.

मग दार परत चढवलं आणि आत ढकललं. ते वीतभर उघडलं आणि नव्या फरशीला लागून थांबलं. मी ढकललं, गवंड्यानं ढकललं, दोघांनी मिळून ढकललं. वीतभरच.

"फरशी वर आली ना," तो म्हणाला. "दार खालून दोन बोटं कापावं लागेल. सुताराचं काम आहे साहेब. किरकोळ."

मी गच्चीचा जिना चढू लागलो. वळून पाहिलं तर तेवढ्या फटीतून बेडूक निवांतपणे आत जात होता.