पिशवी गळते ती नशिबानं नव्हे, मापामुळे

पोटावर शौचाची पिशवी असलेल्या पेशंटसाठी म्हणून एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. पिशवी गळणारच, गळाली की वरून चिकटपट्टी मारा. कातडी सोलली तर हळद-तेल लावा. खाणं कमी करा. आंघोळ आणि वावरातलं काम आता विसरा. यवतमाळ जिल्ह्यात अशा पेशंटची ड्रेसिंग करताना या सल्ल्यांचे परिणाम मला दिसत राहतात, म्हणून लिहिते आहे.

‘पिशवी गळणारच.’ नाही. बहुतेकदा दोष चकतीच्या, म्हणजे पिशवीचा जो चिकट भाग कातडीला लागतो त्याच्या, भोकात असतो. आतड्याचं पोटावर काढलेलं तोंड, म्हणजे स्टोमा, ऑपरेशननंतर सुजलेला असतो. ६ ते ८ आठवड्यांत सूज उतरून तो लहान होतो. घरचे मात्र सुटीच्या वेळी दाखवलेल्याच मापानं भोक कापत राहतात. एका काकूंची चकती काढली, तर स्टोमाभोवती करंगळीएवढी रुंद कातडी उघडी पडलेली, लालभडक, ओली. सून म्हणाली, ‘सिस्टर, पयल्या दिवसापासून असंच कापतो आम्ही.’ पिशवीच्या डब्यातलं माप-कार्ड लावून भोक स्टोमापेक्षा फक्त २-३ मिमी मोठं कापलं, कातरलेली कड बोटानं गुळगुळीत केली. तळहातांत धरून चकती जरा गरम केली आणि लावल्यावर वरून हात दाबून ठेवला. भोक फार लहानही नको. कड काचून स्टोमातून रक्त येतं.

चिकटपट्टीनं गळणं थांबत नाही, गळलेलं आत कोंडतं. पिशवी लहान आतड्याची असेल तर त्या पातळ मलात पाचक रस असतात आणि ते कातडी जाळतात. पिशवी महाग, तालुक्याला मिळेलच असं नाही, म्हणून लोक पट्टी मारतात हे मला कळतं. पण सोललेल्या कातडीवर पुढची चकतीही टिकत नाही, म्हणजे खर्च वाढतोच. गळाली की पूर्ण काढा, साध्या कोमट पाण्यानं धुवा, टिपून कोरडं करा, नवी लावा.

हळद-तेल नकोच. तेलावर चकती चिकटत नाही. डेटॉल, स्पिरिटही नको.

सगळ्यात घातक सल्ला खाणं कमी करण्याचा आहे. उपाशी राहिलं तरी आतड्यातून पाणी सुटतच राहतं. लहान आतड्याच्या पिशवीतून पाण्यासोबत मीठही जातं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर. अशा वेळी नुसतं पाणी पिऊन भागत नाही, ओआरएस लागतं. नाहीतर किडनीवर येतं. भाकरी खा, वरण खा, नीट चावून. संत्र्याच्या फोडीची साल तेवढी टाका, ती स्टोमापाशी अडकू शकते.

आंघोळ पिशवीसकट खुशाल करा. वावरातही जाता येतं. सुरुवातीचे दोन-तीन महिने जड उचलू नका, हर्नियाची भीती असते. पुढे डॉक्टरांना विचारून निंदण, कापूस वेचणी करता येते. एक तृतीयांश भरली की पिशवी रिकामी करा, वजनानं चकती सुटते. घामानंही सुटते, म्हणून उन्हाळ्यात ती लवकर बदला आणि नव्या पिशव्या टिनाखाली तापत ठेवू नका.

स्टोमा जांभळा-काळा पडला, किंवा पिशवीत काहीच न येता पोट दुखून उलट्या सुरू झाल्या, तर मात्र घरी काही करत बसू नका. रात्र असली तरी गाडी करा आणि ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात न्या.