निरीक्षणाची नोंद पदोन्नतीच्या फायलीत नको

महाविद्यालयीन शिक्षकांनी एकमेकांचे तास पाहण्याविषयीच्या लेखात, सहकाऱ्याने वर्गात बसून केलेल्या निरीक्षणाचा अहवाल शिक्षकाच्या पदोन्नतीच्या प्रस्तावाला जोडावा, अशी सूचना आहे; ती मला मुळातच चुकीची वाटते. अहवाल कॅसच्या, म्हणजे शिक्षकांच्या पदोन्नती योजनेच्या, फायलीत किंवा महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेला द्यायच्या पुराव्यांत जाणार हे कळताच शिक्षक त्या दिवसापुरता घोटून तयार केलेला तास घेतो आणि निरीक्षकही, उद्या आपला तास हेच पाहणार आहेत हे ओळखून, सगळे रकाने 'उत्तम' या शेऱ्याने भरून मोकळा होतो.

मी सोलापुरात वाणिज्य शाखेला शिकवते. आमच्या वर्गांत घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुले पुष्कळ असतात आणि ती नेमकी कुठे गप्प होतात, हे फळ्याकडे वळलेल्या शिक्षकाला दिसत नाही. माझ्या विनंतीवरून एका सहकारी मैत्रिणीने घसाऱ्याच्या (वापराने मालमत्तेच्या मूल्यात होणाऱ्या घटीच्या) तासाला फक्त उत्तरे कोणत्या बाकांवरून येतात एवढेच टिपले. त्यानंतर मी मुलांना आधी शेजाऱ्याशी, हव्या त्या भाषेत, बोलायला वेळ देऊ लागले आणि मागचे बाकही बोलू लागले. ही नोंद आम्हा दोघींपुरतीच होती, म्हणूनच ती इतकी स्पष्ट लिहिली गेली. प्राचार्यांना निरीक्षण झाले एवढे कळवणे पुरेसे आहे.