वाहन की सामान?

माझ्या वडिलांच्या सायकलीला पितळी बिल्ला होता. रात्री दिवा नसला तर नाक्यावरचा हवालदार अडवायचा, डबलसीट बसलं तर शिट्टी मारायचा. थोडक्यात, सायकल हे वाहन आहे याबद्दल त्या काळी सरकारला शंका नव्हती. मला मात्र माझी सायकल नेमकी काय आहे हे गेल्या उन्हाळ्यात कोणीच सांगू शकलं नाही.

झालं असं, की साठी गाठल्याच्या आनंदात मी डॅन्यूबच्या काठाने सायकल चालवायचं ठरवलं. जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना, तीनशेहून थोडे जास्त किलोमीटर. रस्ता नदीच्या कडेने, त्यामुळे बराचसा सपाट. गुडघ्यांनी संमती दिली. "अहो, तिथे सायकली भाड्याने मिळतात," असं हिने दोनदा सांगितलं. स्वतः ती भाड्याचीच घेणार होती. पण माझ्या सीटचं कातडं माझ्या अंगाला बेतून घ्यायला मला तीन वर्षं लागली आहेत. ते सोडून परक्या सीटवर बसायचं म्हणजे परक्याची कवळी लावून जेवायला बसण्यासारखं. मी माझीच सायकल न्यायची ठरवली, आणि नेतोय तर विमा हवा म्हणून आमच्या एजंटला फोन लावला.

"काका, किती सीसी?"

"इंजिन मीच आहे रे."

"मग ते वाहन नाही. मोटरच्या पॉलिसीत बसणार नाही. तुम्ही ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या, तसाही व्हिसाला लागतोच."

लागतो हे खरं. शेंगेन व्हिसासाठी माणसाच्या आजारपणाचं किमान 30,000 युरोंचं कवच दाखवावं लागतं. "मी झालो. सायकलीचं काय?" तर म्हणे, ती सामानात. मी पॉलिसीची अडतीस पानं चष्मा पुसून पुसून वाचली. सामान हरवलं तर 500 डॉलर, त्यातही एका नगाला फार तर दहा टक्के. म्हणजे सायकल गेली तर 50 डॉलर. मी पुन्हा फोन केला.

"सायकल सुटी करूनच न्यायची असते. चाकं दोन, पेडल दोन, हँडल, सीट, फ्रेम. सात नग होतात की."

पलीकडे जरा शांतता. "काका, तुमचं मूळ घर सदाशिव पेठेत का हो?"

शिवाय एक बारीक टीप होती: वस्तू वापरात असताना झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. म्हणजे खोक्यात आहे तोवर सामान, आणि मी वर बसलो की सामान नाही. वाहन तर ती आधीपासूनच नव्हती. "मी ती हातात धरून व्हिएन्नापर्यंत चालत गेलो तर?" या प्रश्नावर तो म्हणाला, "तर बहुतेक चालेल, काका." गरीब बिचारा मनापासून बोलत होता.

शेवटी खास सायकलीची पॉलिसी सापडली, परदेशासाठी वेगळा हप्ता भरून. त्यांना फ्रेम नंबरचा फोटो हवा होता. हा नंबर कोरलेला असतो पेडलच्या दांड्यांच्या मधोमध, बुडाखाली, जिथे पुण्याचा सगळा चिखल वस्तीला असतो. मी पार्किंगमध्ये सायकलीखाली उताणा पडून जुन्या टूथब्रशने घासत होतो. तोंडात माती, एका डोळ्यात ऑइल. वॉचमन आला, वाकून बघून म्हणाला, "काका, चक्कर आली का?" मी म्हटलं, नंबर वाचतोय. त्याने मोबाईलचा टॉर्च धरला. एक आकडा तीन आहे की आठ, यावर आमचं एकमत होईना. मग दुधाचा पोऱ्या आडवा झाला आणि त्याने आठ ठरवला. या पॉलिसीत 'लक्ष न ठेवता सोडलेली सायकल' बाद होती, आणि दुरुस्तीचं नुकसान मिळणार होतं ते दुकानाच्या बिलावर, त्यातूनही पहिले 5,000 रुपये माझे.

आमच्या सायकलवाल्यांनी खोकं भरून दिलं. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते सोडवताना मी मदत करून घट्ट केलं. त्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त पाना माझ्या हातातून काढून घेतला. मग त्यांनी मागच्या गिअरचा हँगर दाखवला. अंगठ्याएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा, मुद्दाम मऊ केलेला. धक्का बसला की आधी तो वाकतो आणि फ्रेम वाचते. "साहेब, खरा विमा हा. मिळाला तर एक जास्तीचा न्या." तो नेमका माझ्या मापाचा मिळाला नाही.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने खोक्याला एक चिठ्ठी बांधली आणि सही मागितली. वस्तू नाजूक आहे, वेष्टन अपुरं आहे, नुकसान झालं तर आमच्याकडे बघू नका. मी अभ्यास करून गेलो होतो. "मॉन्ट्रियल करार, 1999," मी म्हणालो. त्या करारानुसार प्रवाशाच्या सामानाची 1,519 एसडीआरपर्यंत जबाबदारी विमान कंपनीची असते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, ते कोणाच्याही पाकिटात नसतं. रुपयांत पावणेदोन लाखांच्या आसपास जातं. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि पेनाचं टोपण काढून दिलं. मागची रांग बघून मी सही केली.

म्युनिकला खोकं एका कोपऱ्यावर उभं आलं. उघडलं तर हँगर वाकलेला. खरं सांगतो, दुःखाआधी मला किंचित आनंद झाला. भरलेला हप्ता कामी येणार होता. तक्रार सात दिवसांच्या आत लेखी द्यावी लागते, मी सत्तर मिनिटांत दिली आणि आम्ही रेल्वेने पासाऊ गाठलं. सायकल दुरुस्तीचं दुकान दुपारचं बंद. (पुणेकराला हे ओळखीचं वाटून बरं वाटतं.) तोवर गावात फिरलो. तिथे डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या मिळतात आणि टाउन हॉलच्या भिंतीवर पुरांच्या खुणा कोरल्या आहेत. सगळ्यात वर 1501, तिच्या जरासं खाली 2013. खूण बघायला मान पार मागे टाकावी लागते. पानशेतची आठवण झाली. ही म्हणाली, "पूर येतो का तुमच्या पॉलिसीत?" मी तिथेच बाकावर बसून बघायला लागलो, तर ती आइस्क्रीम आणायला निघून गेली.

दुकान उघडलं. मेकॅनिक माझ्याच वयाचा, कापडी एप्रन. त्याने हँगरमध्ये एक लांब दांडा अडकवला, चाकाच्या रिमशी चार ठिकाणी अंतर बघितलं, दांडा हळूच ओढला, पुन्हा बघितलं. दोन मिनिटं. झालं.

"किती?"

"निक्स," तो म्हणाला. काही नाही.

पैसे घ्या म्हणून मी परदेशात विनवण्या करत होतो. विमा आहे, बिल हवं, तेही 5,000 रुपयांच्या वरचं, हे हातवारे करून सांगितलं. 5,000 वरचे हातवारे नीट झाले नसावेत. तो मनापासून हसला, आत गेला आणि छापील पावतीवर व्यवस्थित लिहून आणलं: हँगर सरळ केला, 0.00 युरो. खाली सही आणि शिक्का.

पुढचे सहा दिवस मजेत गेले. हिचं म्हणणं वेगळं आहे, कारण माझी सायकल 'लक्ष न ठेवता' सुटू नये म्हणून मेल्कचा मठ आम्ही पाळीपाळीने पाहिला.

पुण्याला आल्यावर मी नियमाप्रमाणे दावा पाठवला, बिलासकट. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. दावा तत्त्वतः मान्य. दुरुस्ती खर्च 0. वजा सक्तीची वजावट 5,000. देय रक्कम उणे 5,000.

हिने माझ्या खांद्यावरून वाचलं. "अहो, चेकने द्यायचे की ऑनलाइन, ते विचारून घ्या."