कोरस गेला कुठं?

गाण्यातले आवाज एकमेकांत बसवायचं, म्हणजे मिक्सिंगचं, काम माझं. जानेवारीत सोलापूरची गड्डा यात्रा आली की गाणं करून घेणाऱ्याचा फोन सुरू. "दादा, गाण्यातला कोरस कुठं गेला ओ?" कुठं गेला म्हणजे? तूच घालवलास की!

हेडफोन लावून "अजून रुंद करा, अजून" म्हणत डोक्यावर बसलेला हाच. कोरस डावीकडं जसाच्या तसा, उजवीकडं तोच १० मिलिसेकंद उशिरा. दोन कानांत जरा वेगळं आलं की आवाज पसरल्यासारखा वाटतो. झाली रुंदी. हेडफोनात आहाहा! आणि वाजवणार कुठं? होम मैदानावर, पाळण्याशेजारच्या कर्ण्यावर, जिथं डावं-उजवं एकाच तारेत कोंबलेलं. दोन्ही एकत्र आले की उशिराचा आवाज मूळ आवाजाला ठरावीक कंपनांवर खोडतो, ५०, १५०, २५० हर्ट्झ असे वरपर्यंत शंभर-शंभरावर खड्डे (५० पर्यंत कर्णा तसाही पोचत नाही म्हणा). आवाज पत्र्याच्या डब्यातला. कीबोर्डची तर एक बाजू उलट्या पोलॅरिटीची (इकडं लाट वर तेव्हा तिकडं खाली), ती बेरजेत साफ शून्य.

आधीच मोनोचं, म्हणजे डावं-उजवं एक करणारं, बटण दाबून ऐकवलं होतं. तर म्हणे, "ते बंद करा, लई बारीक वाटतंय." अरे बाबा, लोक तेच ऐकणारेत! हलगी मी हट्टानं मधोमध, म्हणजे दोन्हीकडं सारखीच, ठेवली म्हणून तेवढी वाचली.

काल परत व्हॉइस नोट: "दादा, नुसती हलगीच वाजतीय."