कथा सुचतात कुठून?

विज्ञानकादंबऱ्या लिहिते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘तुम्हाला हे सगळं सुचतं कुठून?’ विचारणाऱ्याला बहुधा वाटतं, विज्ञानातली ताजी बातमी वाचली की झालं काम. बातम्या मी वाचते, कात्रणं ठेवते, वह्याच्या वह्या भरल्यात. पण त्यातल्या बहुतेक नोंदींची कथा कधीच झाली नाही. ‘माणसाची स्मृती दुसऱ्याच्या मेंदूत उतरवता आली तर?’ बरं, मग? कुणाची स्मृती, ती कुणाला हवीय आणि कुणाला अजिबात नकोय, हे कळत नाही तोवर ती नुसती शक्कल.

आता लिहिते आहे ती कादंबरी दवाखान्यातल्या एका खोलीत सुरू झाली. बाबांच्या पेसमेकरची तपासणी होती. तंत्रज्ञाने त्यांच्या छातीवर, खांद्याच्या जरा खाली, तळहाताएवढं एक उपकरण ठेवलं. पडद्यावर रेघा उमटल्या, कागदाची पट्टी बाहेर येऊ लागली. ती वाचत तो सहज म्हणाला, ‘काका, गेल्या महिन्यात तीन-चारदा रात्री दोनच्या सुमाराला ठोके बरेच वाढलेले दिसतायत. काही त्रास झाला होता का?’

बाबा रोज सकाळी आम्हाला सांगायचे, छान झोप लागली म्हणून.

ते काही बोलले नाहीत. शर्टाची बटणं लावू लागले. वरचं बटण दोनदा चुकलं.

पेसमेकर अशा नोंदी तारीख-वेळेसकट ठेवतो, हे मला आधीपासून ठाऊक होतं. वहीत लिहूनही ठेवलं होतं, कित्येक वर्षं ते तिथे नुसतं पडून होतं. ज्या माणसाने जन्मभर घरच्यांना आपली काळजी लागू दिली नाही, त्याच्या छातीतलंच यंत्र त्याची चहाडी करतं, हे त्या बटणापाशी दिसलं. घरी येईपर्यंत पहिलं प्रकरण डोक्यात तयार होतं.

मृत शरीरात जीव ओतणाऱ्या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगणाऱ्या मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या कादंबरीबद्दल सांगताना लोक १८१६चा तो गारठलेला उन्हाळा सांगतात. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता, त्याच्या परिणामाने हवामान बिघडलेलं. जिनिव्हाच्या तळ्याकाठी मेरी आणि तिच्याबरोबरची मंडळी घरात अडकलेली आणि भुताच्या गोष्टी लिहायची पैज. मेलेल्या बेडकाचे पाय विजेने हलतात, हे गॅल्व्हानी या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवलेलं होतंच. मृत शरीरात जीव आणता येईल का, यावर गप्पा चालायच्या. हे सगळं खरं. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते तिच्या रोजनिशीतली मार्च १८१५ची एक नोंद. दिवस भरण्याआधी जन्मलेली तिची मुलगी नुकतीच गेली होती. तिला स्वप्न पडलं, की बाळ फक्त गारठलं होतं, शेकोटीपुढे चोळल्यावर ते पुन्हा जिवंत झालं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. विजेच्या गप्पा तर त्या घरातल्या सगळ्यांनीच ऐकल्या होत्या.

म्हणून ‘भविष्य आधीच ओळखलं’ असं आमच्या लेखनाचं कौतुक होतं, ते मला पटत नाही. यंत्राचा अंदाज बरोबर येणं हा त्यातला सगळ्यात कमी मोलाचा भाग.

सध्या आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर-१ हे यान नोव्हेंबर २०२३मध्ये निरर्थक माहिती पाठवू लागलं. बिघाड एका मेमरी चिपमधला. आज्ञा पोचायला साधारण साडेबावीस तास, उत्तर यायला पुन्हा तेवढेच. दुरुस्ती करणाऱ्यांना कित्येक दशकांपूर्वीची कागदपत्रं चाळावी लागली. एप्रिल २०२४मध्ये यान पुन्हा नीट बोलू लागलं. मला सारखा दिसतो तो त्या जुन्या कागदांवर समासात बारीक अक्षरात काहीतरी लिहून गेलेला कुणी इंजिनिअर. असा कुणी होता का, ठाऊक नाही. तो काय लिहून गेला असेल, हेही अजून मला सापडलेलं नाही, म्हणून कथेला हात लावलेला नाही.

बाबांची ती पट्टी माझ्या टेबलावर आहे. तसला कागद काही महिन्यांत पुसट होतो, रेघा आताच फिकट पडू लागल्यात. दोन वाजताच्या नोंदी मी पेनाने वहीत उतरवून घेतल्या. त्या रात्री ते कशाने जागे होते, हे अजून विचारलेलं नाही. कादंबरीतली मुलगी मात्र चौथ्या प्रकरणात विचारते.