पाणी चार दिवसांआड येतं, तरीही मी गगनयानाच्या बाजूने

गगनयानाचा, म्हणजे आपल्याच यानातून माणसं अंतराळात पाठवायच्या इस्रोच्या मोहिमेचा, विषय निघाला की आपल्या सोलापुरात एक वाक्य ठरलेलं: "आधी नळाला पाणी द्या की ओ, मग माणसं पाठवा वर." असं बोलणाऱ्यांचा मला राग येत नाही. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात रात्री दोनला उठून, मोटर लावून, बॅरल, कळशा, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवणाऱ्या बाईला हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. मीही त्यातलीच. म्हणूनच तिला नीट उत्तर मिळायला हवं.

आधी पैशाचं बघू. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अंतराळ विभागाला साधारण 13,400 कोटी रुपये होते. सरकारच्या शंभर रुपयांतले 26-27 पैसे. त्यातच उपग्रह आले, रॉकेटं आली, गगनयानही आलं. त्याच अर्थसंकल्पात गावोगावच्या नळांसाठी, जलजीवन मिशनला, 67,000 कोटींची तरतूद होती. पाचपट! उजनी धरणातून सोलापूरला पाणी आणायची समांतर जलवाहिनी वर्षानुवर्षं रखडली, ती गगनयानाने पैसे नेले म्हणून नव्हे. उद्या इस्रोला कुलूप लावलं तरी आपल्या नळाला पाणी एक दिवसही आधी येणार नाही.

उलट पाण्याची काटकसर शिकायची तर ती आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडून. तिथे एक लिटर पाणी पोचवायचं म्हणजे रॉकेट लागतं, त्यामुळे थेंब वाया घालवणं परवडतच नाही. श्वासातली वाफ, अंगाचा घाम यंत्र हवेतून ओढून घेतं. लघवीचं कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन होतं, म्हणजे वाफ करून तिचं परत पाणी करतात. मागे उरलेल्या खारट गाळातलं पाणीसुद्धा कोरडी हवा फिरवून काढून घेतात. मग सगळं गाळून, शुद्ध करून परत पिण्याला. 2023 मध्ये नासाने जाहीर केलं की स्थानकावरचं 98 टक्के पाणी असं परत मिळतं. हे यंत्र उद्या सोलापुरात बसेल असं मी म्हणत नाही. पण वर माणूस नसता, तर इतक्या चिकाटीने ते कुणी केलंच नसतं. रोबोटला तहान लागत नाही.

"मग रोबोटच पाठवा, माणूस कशाला?" हा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो. रोबोट स्वस्त, आणि जीव धोक्यात नाही. कल्पना चावला आपण 2003 मध्ये गमावली, ते विसरून कुणी बोलू नये. तरीपण हे बघा. मंगळावरची ऑपर्च्युनिटी ही रोबोट गाडी 14 वर्षांत 45 किलोमीटर चालली. अमेरिकेच्या अपोलो 17 मोहिमेतले दोघे अंतराळवीर चंद्रावर तीन दिवसांत गाडीने 35 किलोमीटर फिरले. त्यातला हॅरिसन श्मिट भूवैज्ञानिक होता. करड्या धुळीत त्याला नारिंगी माती दिसली, तो तिथेच थांबला आणि त्याने ती उचलून आणली. ज्वालामुखीतून उडालेल्या काचेचे कण होते ते. 2011 साली त्याच मातीत शास्त्रज्ञांना पाण्याचा अंश सापडला. ती माती वेगळी आहे हे ओळखायला तिथे जाणता डोळा होता!

आणि हे काम आपल्यापासून लांबचं आहे असं समजू नका. वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, जन्म 1882 चा. 1940 साली त्यांनी बंगळुरात विमानाचा कारखाना उभा केला. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि पैसा दिला, म्हणजे तेव्हाही सार्वजनिक पैसा लागलाच. त्याच कारखान्याची पुढे एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) ही सरकारी कंपनी झाली, आणि 2014 मध्ये समुद्रात उतरवून तपासलेल्या क्रू मॉड्यूलचा, म्हणजे अंतराळवीरांच्या कुपीचा, सांगाडा एचएएलनेच बांधला होता. इकडे इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला इस्रोच्या रॉकेट मोटरींची पोलादी आवरणं बनतात. आपल्या भागातल्या वेल्डरच्या, टर्नरच्या हाताखालून ती जातात. हा पैसा आकाशात जळत नाही, पगार होऊन घरोघरी येतो.

आपला अंतराळवीर शुभांशू शुक्ला 2025 मध्ये त्याच अंतराळ स्थानकावर जाऊन आला तेव्हा मला रडू आलं होतं. धारवाडहून पाठवलेले मेथीचे आणि मुगाचे दाणे त्याने तिथे रुजवले. पण ती जागा आपण पैसे मोजून घेतली होती, 500 कोटींच्या वर. राकेश शर्मा 1984 मध्ये गेला तोही सोव्हिएत यानातून. किती दिवस दुसऱ्याच्या गाडीत बसायचं? स्वतःचं यान असेल तर कोण जाणार, कोणते प्रयोग करणार हे आपण ठरवू. आणि हे काम सरकारने सोडलं तर वर फक्त तिकीट परवडणारे जातील. विडी कामगाराच्या पोरीला तिथे जायचं असेल, तर तिचा खर्च सरकारनेच उचलायला हवा.

बदल्यात मागायचं तेही ठणकावून मागू. खर्चाचा हिशोब संसदेत मांडा, उशीर का झाला ते सांगा, प्रयोगांचे निष्कर्ष मराठीतून शाळांपर्यंत पोचवा. केगावच्या विज्ञान केंद्रात गगनयानावर कायमचं दालन हवं. आणि माणसं घेऊन पहिलं उड्डाण होईल त्या दिवशी महापालिकेच्या प्रत्येक शाळेत ते मुलांना थेट दाखवा. तेवढी सोय होत नसेल तिथे वर्गणी काढायला मी तयार आहे. कोण कोण येतंय, सांगा.