न चालवलेल्या गाडीबद्दल बोलावं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

शेवरोलेची अमेरिकन स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट, तिच्या नव्या पिढीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर आणि मनापासून लिहिलंत. त्यावर 'धन्यवाद' एवढंच लिहून मोकळं होणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे वेगळं उत्तर. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काकांनी विजापूर रोडला आयुष्यभर गॅरेज चालवलं. त्यांचं म्हणणं असं, की जगभरच्या ज्या गाडीवेड्यांची मतं मी मांडली, त्यातले बरेच जण त्या गाडीत बसलेसुद्धा नाहीत आणि मी तर नाहीच. मग या मतांना किंमत ती काय? दुसरं, इंजिन पुढून काढून मध्ये, ड्रायव्हरच्या पाठीमागे, टाकल्यावर कॉर्व्हेट कॉर्व्हेट राहिली नाही, फेरारीची नक्कल झाली. तिसरं, क्लच पेडल नसलेली स्पोर्ट्स कार म्हणजे महागडी स्कूटर. आणि शेवटी, सोलापुरात बसून असल्या गाड्यांवर लिहिण्यापेक्षा इथल्या माणसांच्या कामाचं काहीतरी लिही.

नकलेच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण माझ्या लेखाचा जीव तिथेच आहे.

कॉर्व्हेट १९५३ साली आली. त्याच वर्षी झोरा आर्कुस-डुंटोव्ह नावाचा इंजिनिअर शेवरोलेच्या मालक कंपनीत, जनरल मोटर्समध्ये, रुजू झाला. जन्म ब्रसेल्सचा, १९०९ सालचा, आईवडील रशियन. कॉर्व्हेटला खरी स्पोर्ट्स कार बनवणारा माणूस म्हणून त्याचं नाव घेतात. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे हवं, हा ध्यास त्याने नोकरीभर सोडला नाही. १९६० साली त्याने त्या रचनेची एक सीटची प्रायोगिक गाडी बांधली, मग १९६४च्या सुमारास दुसरी, आणि १९७० साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एक्सपी-८८२ ही तशीच प्रायोगिक गाडी लोकांसमोर आली. तेव्हापासून अमेरिकेतली मोटार मासिकं दर थोड्या वर्षांनी मुखपृष्ठावर 'मध्ये इंजिन असलेली कॉर्व्हेट येतेय' असं छापत राहिली आणि गाडी काही येईना. पुढे इंजिन असलेली कॉर्व्हेट चांगली खपत होती. चालत्या धंद्यात कंपनी कशाला हात घालेल? झोरा १९७५ साली निवृत्त झाला, १९९६ साली वारला. गाडी आली १८ जुलै २०१९ रोजी.

आता सांगा काका, ज्या माणसाने या गाडीला घडवलं तोच जी रचना मागत होता, ती जवळजवळ साठ वर्षांनी प्रत्यक्षात आली तर तिला परक्याची नक्कल कसं म्हणायचं? उलट लांब बॉनेट ही कॉर्व्हेटची तडजोड होती, असं माझं ठाम मत आहे. सुंदर तडजोड, पण तडजोडच.

शिवाय ही रचना फेरारीची मिरासही नाही. १९३०च्या दशकात ऑटो युनियनच्या रेसगाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या मागेच होतं. १९५९ साली कूपर या छोट्या इंग्लिश कंपनीच्या अशाच गाडीतून जॅक ब्रॅबम फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला, १९६०ला पुन्हा झाला, आणि एन्झो फेरारीलाही इंजिन पुढेच ठेवण्याचा आपला हट्ट सोडावा लागला. फेरारी तशा गाडीने विश्वविजेती ठरली १९६१ साली. म्हणजे नक्कलच म्हणायची तर ती आधी तिथे झाली. आणि दिसण्याचं म्हणाल तर इंजिन मागे गेलं की माणसं पुढे सरकतात, नाक आखूड होतं, इंजिनाला आणि रेडिएटरला हवा मिळावी म्हणून दारांच्या मागे मोठी तोंडं ठेवावी लागतात. एवढं झालं की या जातीच्या सगळ्याच गाड्या एकमेकींच्या बहिणी वाटायला लागतात.

पण हे सगळं कशासाठी? आधीच्या पिढीच्या सर्वांत ताकदवान कॉर्व्हेटमध्ये ७५५ हॉर्सपॉवर होती, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. एवढी ताकद मागच्या टायरांनी रस्त्याला लावायची तर त्यांच्यावर वजन हवं. ते नसेल तर टायर जागच्या जागी फिरतात आणि धूर काढतात. पुढे इंजिन ठेवून जितकं साधता येईल तितकं साधून झालंय, असं कॉर्व्हेटचे इंजिनिअर स्वतःच सांगत होते. नव्या गाडीत साधारण ४० टक्के वजन पुढे आणि ६० टक्के मागे आहे. त्यामुळे ४९५ हॉर्सपॉवरवर, म्हणजे जुनीपेक्षा कितीतरी कमी ताकदीवर, ती शून्यापासून ताशी ९६ किलोमीटरला तीन सेकंदांच्या आत पोहोचते. ब्रेक मारतानाही हेच गणित कामी येतं. जोरात ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. मुळातच नाक जड असेल तर मागची चाकं हलकी पडतात आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. मागे वजन असेल तर चारही टायर कामाला लागतात.

वळणाचा फायदा याहून मोठा. शिखर शिंगणापूरला कावड नेणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. खांद्यावर लांब काठी, दोन्ही टोकांना पाण्याने भरलेल्या घागरी. त्याला गर्रकन वळायला सांगितलं तर वळवणं जड, आणि एकदा फिरायला लागलेली कावड थांबवणं त्याहून जड. तेच वजन अंगालगत धरलं तर वजन तेवढंच राहतं, पण माणूस चटकन वळतो. गाडीतली सर्वांत जड वस्तू पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांच्या मधे आली की गाडी अशी वळते. त्याची दुसरी बाजूही मी लेखात लिहिली होती: अशी गाडी मागून सुटली की झपकन सुटते, सावरायला वेळ कमी मिळतो. म्हणूनच बहुधा कंपनीने ती विकताना जरा सावध ठेवली. सुरुवातीच्या काही समीक्षकांना वळणात तिचं नाक बाहेर सरकतंय असं वाटलं. मग ट्रॅकवर जाणाऱ्या मालकांनी व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बदलून पाहिली, एकमेकांना आकडे सांगितले, फरक सांगितला.

हे मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्या पहिल्या आक्षेपाचं उत्तर इथेच आहे. हौशी माणसांच्या बोलण्यात फापटपसारा असतो, मान्य. चौकोनी स्टिअरिंगवर ते रात्र रात्र भांडले. ड्रायव्हर आणि शेजाऱ्याच्या मधे एसीच्या बटणांची जी लांबलचक भिंत उभी केलीय, तिच्यावर तर मलाही राग आहे. शेजारी बसणाऱ्याला वेगळ्या खोलीत बसवल्यासारखं केलंय. मागचा भाग फार गजबजलेला झालाय, हे मतही मला पटतं. पण याच गर्दीत अलाइनमेंटचे अंश मोजणारी, टायरचं तापमान लिहून ठेवणारी माणसंही असतात. गाडी न चालवताही खूप काही कळतं, कारण वजन कुठे आहे, ताकद कुठून कुठे जाते, हवा कुठून आत येते हे कागदावर दिसतं. जे कागदावर दिसत नाही, म्हणजे स्टिअरिंग हाताला कसं लागतं, सीट पाठीला कशी वाटते, त्याबद्दल मी लेखात एक शब्दही लिहिलेला नाही. ती रेघ मी पाळतो आणि पुढेही पाळेन.

'कॉर्व्हेट राहिली नाही' याबद्दल अजून एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती आपल्या गावाला फार जवळची आहे. जागा बदलली तरी इंजिन कोणतं ठेवलंय ते बघा. ६.२ लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, आणि पुशरॉडवालं, म्हणजे लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारं. एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा शाफ्ट), तोही ब्लॉकच्या पोटात, आणि त्या एका शाफ्टवरून सोळा व्हॉल्व्ह हलतात. युरोपातल्या बहुतेक प्रतिस्पर्ध्यांकडे चार कॅमशाफ्ट डोक्यावर असतात. लोक पुशरॉडला जुनाट म्हणतात, पण डोक्यावर कॅमशाफ्ट नसल्यामुळे हे इंजिन बुटकं राहतं, आणि पाठीमागे बसवायच्या इंजिनाला बुटकेपणासारखा गुण नाही. त्यात ड्राय सम्प दिलाय, म्हणजे तेल खालच्या खोल चेंबरमध्ये न साठवता वेगळ्या टाकीत. त्यामुळे इंजिन आणखी खाली बसतं आणि जोराच्या वळणात तेल एका बाजूला जाऊन पंप कोरडा पडत नाही. कॉर्व्हेटचा पिंड तो हाच: साधं, मोठं, खालून दम देणारं इंजिन. तो तसाच आहे.

आणि कॅमशाफ्ट म्हटल्यावर सोलापूरच्या माणसाने गप्प बसावं? चादरी, टॉवेल आणि शेंगा चटणी यांच्यापलीकडे आपल्या गावाची ओळख फार थोड्यांना आहे. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स १९९२ पासून इथे आहे, त्यांचे कॅमशाफ्ट देशोदेशीच्या मोटार कंपन्यांना गेले आणि गिऱ्हाइकांच्या यादीत जनरल मोटर्सचंही नाव आहे. कॉर्व्हेटचा शाफ्ट इथून जातो असं मी म्हणत नाही. पण अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत अशी माणसं आहेत ज्यांना कॅमचा उंचवटा केसाएवढा चुकला तर इंजिनाचं काय होतं ते हाताला ठाऊक आहे. आयटीआय करून तिथे लागलेली पोरं माझं लिखाण वाचतात, प्रश्न विचारतात. त्यांनी दिवसभर शाफ्ट तपासायचे आणि तो शाफ्ट ज्या इंजिनात फिरतो त्याबद्दल मात्र बोलायचं नाही, हे मला मान्य नाही. म्हणून हे लिखाण इथल्या माणसांच्या कामाचं नाही, हा तुमचा आक्षेप मला सर्वांत जास्त लागला.

मध्ये इंजिन ही तशी आपल्याला परकी चीजही नाही. ओम्नीचं इंजिन कुठे होतं? पुढच्या सीटखाली. सीट उचलून तुम्ही किती ओम्नींची कामं केली असतील! प्रत्येक मोटरसायकलचं इंजिन दोन चाकांच्या मधेच असतं. आणि २०१७ साली टाटांनी जिनिव्हाच्या प्रदर्शनात टॅमो रेसमो दाखवली होती: दोन सीट, १२०० सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन मध्यभागी, १९० हॉर्सपॉवर. पुढे ती बासनात गेली. तिची हळहळ मला अजून वाटते. कॉर्व्हेट भारतात कंपनी विकत नाही. शेवरोलेनेच २०१७ अखेर इथली विक्री बंद केली. कोणी बाहेरून आणायची म्हटली तर कर भरता भरता किंमत दुपटीच्या पुढे जाते. पण अमेरिकेत ही गाडी सुरुवातीला ६० हजार डॉलरच्या आत आली, म्हणजे तिथल्या मध्यमवर्गीयाने हप्त्यावर घ्यावी अशी. जी रचना श्रीमंतांच्या गॅरेजात अडकली होती ती एवढी खाली आली, हा तिचा सर्वांत मोठा पराक्रम मला वाटतो. रेसमोकडून मला तीच आशा होती.

आता क्लच. इथे मी तुमच्या बाजूने अर्धा रस्ता चालून येतो. डाव्या पायाने क्लच सोडत सोडत गाडी उचलण्याचा आनंद गेला, तो गेलाच. त्याची भरपाई कोणत्याही आकड्याने होत नाही. पण स्कूटर म्हणू नका. आजच्या पेट्रोलच्या स्कूटरमध्ये बेल्ट आणि व्हेरिएटर असतो, ठरावीक गिअर नसतातच. इथे आठ खरे गिअर आहेत आणि दोन क्लच आहेत, एक विषम गिअरना, दुसरा सम गिअरना. तिसऱ्यात गाडी पळत असतानाच चौथा आधीच लागून तयार असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, ताकद तुटत नाही. मॅन्युअल गिअरबॉक्स न देण्यामागे कारणंही होती. त्या गाडीचा कणा म्हणजे दोन सीटमधला बोगदा, त्यावरच सगळा ताठपणा उभा. गिअरच्या लिव्हरपासून मागच्या गिअरबॉक्सपर्यंत जोडणी न्यायची तर त्यालाच भोकं पाडावी लागतात. वर शेवटी शेवटी मॅन्युअल घेणारं गिऱ्हाईकही थोडंच उरलं होतं. ही कारणं मला पटतात. तरीही जे गाडीवेडे अजून मॅन्युअल मागत बसलेत त्यांनी मागत राहावं, असंच मी म्हणेन.

दुरुस्तीसाठी मध्ये बसवलेल्या इंजिनापर्यंत हात कसा पोहोचणार, हेही तुम्ही जाता जाता विचारलं आहे. अवघडच आहे. वरचं काचेचं झाकण उघडून आणि सीटमागचं पॅनेल काढून थोडंफार काम होतं, पण मोठं काम निघालं की इंजिन खालून उतरवण्याची तयारी ठेवावी लागते. या रचनेचा हा दोष खरा, आणि तो सगळ्याच जातभाईंत आहे.

पुढचा लेख याच गाडीच्या झेड-०६ या थोरल्या भावावर लिहितोय. त्याचं ५.५ लिटरचं व्ही-८ अगदी वेगळं आहे: चार कॅमशाफ्ट, बत्तीस व्हॉल्व्ह, ६७० हॉर्सपॉवर आणि ८६०० आरपीएम. साध्या कॉर्व्हेटमध्ये टॅपेट, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारे तुकडे, हायड्रॉलिक आहेत, स्वतःचं अंतर स्वतः सांभाळतात. झेड-०६मध्ये मात्र फिंगर फॉलोअर, म्हणजे बोटासारख्या छोट्या पट्ट्या, आहेत आणि कंपनी म्हणते की कारखान्यात शिम (पातळ चकत्या) घालून व्हॉल्व्हची गॅप एकदाच लावली, ती इंजिनाच्या आयुष्यभर पुन्हा लावायची गरज नाही. एवढ्या आरपीएमवर व्हॉल्व्हची सीट झिजत झिजत गॅप कमी होत जाणार नाही का, हा प्रश्न मला पडलाय. तुम्ही जन्मभर फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या, घालून टॅपेट सेट केलेत. ती गाडी तुम्हीही पाहिलेली नाही, तरी तुमचं मत मला हवंय. लिहून पाठवा, लेखात तुमच्या शब्दांत घालतो.